‘दुसरं होईल’ म्हणतात सगळे, पण गेलेल्या बाळाचं काय? ईस्टर, आशा आणि नवीन जीवनाबद्दल

तुझा प्रश्न रात्री वाचला, लगेच उत्तर लिहावंसं वाटलं नाही, सकाळी शांतपणे परत वाचला आणि मग बसले लिहायला. तू माझ्यापेक्षा बरीच लहान दिसतेस म्हणून तू म्हणते, रागावू नकोस.

तू लिहिलंयस की जानेवारीत आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. तू दवाखान्यात असतानाच घरच्या पुरुषांनी तिला कब्रस्तानात नेऊन पुरलं, तुला बघायलाही मिळालं नाही. आता सासूबाई म्हणतात दुसरं होईल, चर्चच्या मंडळीतल्या एक आंटी म्हणाल्या देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं, नवरा विषयच काढू देत नाही, आणि ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला गाणाऱ्यांमध्ये तुझं नाव आहे. तुझे प्रश्न तीन. मला आनंद होत नाहीये म्हणजे माझा पुनरुत्थानावर, येशू मेलेल्यांतून उठला यावर, विश्वास नाही का? बाप्तिस्मा झालाच नव्हता तर ती आता कुठे आहे? आणि ज्याला सगळे नवीन जीवन म्हणतायत ते म्हणजे दुसरं बाळच का?

मी बरीच वर्षं एका मिशन हॉस्पिटलमध्ये चॅपलिन, म्हणजे रुग्णांजवळ बसून प्रार्थना करणारी, धीर देणारी सेविका होते, आता मंडळीत सांत्वनाचं काम करते. मॅटर्निटी वॉर्डात खूप बसलेय, पेढे वाटणाऱ्यांजवळ आणि त्यांच्याच शेजारच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आयांजवळही. त्यामुळे जे सांगते ते पुस्तकातलं कमी आणि तिथलं जास्त.

मला विचारशील तर तुझा विश्वास ठीक आहे. दुखणं वेगळंच आहे. तुझी मुलगी कुणी मोजतच नाहीये. घरात पाळणा हलला नाही, बारसं झालं नाही, शोकसभा झाली नाही, म्हणून लोकांच्या लेखी काही घडलंच नाही, आणि मग तुला आशा म्हणून जे देतायत ती खरंतर बदली आहे, हे गेलं ना मग ते घे. तुझं मन ते घ्यायला तयार नाही आणि तुला वाटतंय की तू देवाला नाही म्हणतीयेस. मला तसं अजिबात वाटत नाही.

आधी काही गोष्टी ज्या माणसागणिक बदलतात. किती दिवसांत बरं वाटेल हे मी सांगू शकत नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. काहीजणी वर्षाच्या आत सावरतात, काहींना बाळाची डिलिव्हरीची तारीख दरवर्षी आली की ताप आल्यासारखं होतं. तुझं शरीरही यात आहे, फक्त मन नाही. बाळ नसलं तरी दूध येतं हे आधी कुणी सांगतच नाही, मी बघितलंय, डिस्चार्ज मिळून घरी गेलेली मुलगी दोन दिवसांनी ब्लाऊज ओला घेऊन परत आली आणि तिला लाजच वाटत होती, जणू काही चूक केली तिने. हे सगळं शरीराचं दुःख आहे, त्याला अविश्वास म्हणायचं नाही. आणि झोप अजिबात येत नसेल, जेवण सुटलं असेल, जगूच नये असं वाटत असेल तर आधी डॉक्टर, मग चॅपलिन. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करणाऱ्या माणसानेही फोन करावा, त्यात काही कमीपणा नाही.

आता मुद्द्यावर येते.

बायबलमधलं इयोबाचं पुस्तक तू वाचलं असशील, पण शेवटचा अध्याय आकडे बघत परत वाच. सुरुवातीला त्याच्याकडे 7000 मेंढरं, 3000 उंट, 500 बैलजोड्या, 500 गाढवी. सगळं जातं. शेवटी देव त्याला दुप्पट देतो, 14000 मेंढरं, 6000 उंट, 1000 बैलजोड्या, 1000 गाढवी, अगदी हिशोबाने. आणि मुलं? आधी सात मुलगे तीन मुली, ती सगळी गेली. नंतर किती? सात मुलगे तीन मुली. चौदा आणि सहा नाहीत. जनावरं दुप्पट आणि मुलं तेवढीच, असं का? पुस्तकात कारण लिहिलेलं नाही, पण फार जुन्या काळापासून वाचणाऱ्यांनी याचा अर्थ असा लावलाय की गेलेली जनावरं संपली म्हणून दुप्पट द्यावी लागली, पण पहिली दहा मुलं देवाच्या लेखी संपलेली नव्हती. ती अजून मोजलेली आहेत. दहा तिकडे, दहा इकडे, झालीच दुप्पट. मला हे वाचन पटतं, आणि वॉर्डात ज्या ज्या आईला मी हे सांगितलं तिने परत एकदा सांगा म्हटलं. (इयोबाच्या बायकोवर प्रवचनात नेहमी टीका होते, ती असं बोलली तसं बोलली. अहो तिचीही दहा मुलं एका दिवसात गेली होती, हे कुणी का सांगत नाही?)

म्हणजे दुसरं बाळ झालंच, आणि होवो, माझी प्रार्थना आहे, तरी ते दुसरं असेल. पहिलीची जागा भरायला आलेलं नसेल. त्या लेकरावर तसं ओझं टाकूही नये. मी बघितलंय काही घरांत, गेलेल्या भावाच्या जागी आला म्हणून वाढवलेला मुलगा आयुष्यभर कुणाचीतरी जागा भरत राहतो.

आता पुनरुत्थान. आपण दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो, शरीराचे पुनरुत्थान. पटकन म्हणून जातो. पण विचार कर, कबर रिकामी होती याला चारही शुभवर्तमानांत एवढं महत्त्व का? देवाला नुसतं नवीन काहीतरी द्यायचं असतं तर ते मेलेलं शरीर तिथेच ठेवून बाजूला नवीन सुरुवात करता आली असती. तसं झालं नाही. जो पुरला तोच उठला. आणि उठला तो जखमांसकट. योहानाच्या विसाव्या अध्यायात तो थोमाला म्हणतो बघ माझे हात, घाल तुझा हात माझ्या कुशीत. लूक सांगतो त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. शिष्यांना कुठला नवा चांगला गुरू मिळाला नाही, त्यांचाच येशू परत मिळाला, खिळ्यांच्या खुणा तशाच. ख्रिस्ती माणसाची नवीन जीवनाची आशा ही एवढी ठळक आहे, गेलेलं माणूस तेच परत मिळणार. तुझ्या मुलीच्या बाबतीत आशा म्हणजे तीच. तुला ज्या मुलीच्या लाथा सातव्या महिन्यात रात्री झोपू देत नव्हत्या ती. म्हणून तुझं मन जेव्हा मला दुसरं नको मला तीच हवी म्हणून ओरडतं ना, तेव्हा ते ईस्टरच्या विरुद्ध बोलत नाहीये. ईस्टरला जे घडलं तेच मागतंय.

लोक अशावेळी गव्हाच्या दाण्याचं वचन हमखास सांगतात, दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो. ते योहानाच्या बाराव्या अध्यायात आहे आणि येशूने ते स्वतःच्या मरणाबद्दल सांगितलंय. तो स्वतः मरायला निघाला होता म्हणून त्याला तसं बोलायचा हक्क होता. दुसऱ्याच्या बाळाला दाणा म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? तुझ्या मुलीच्या जाण्यातून कुणाचं काय पीक येणार याचा हिशोब तुला कुणाला द्यायचा नाहीये. हां, प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, बी पेरण्याची गोष्ट केलीय ती मात्र तुझ्यासाठी आहे. तिथे जे पेरलं जातं तेच उठवलं जातं, अशक्तपणात पेरलेलं सामर्थ्यात. दीड-दोन किलोचं लेकरू पेरलंय गं तुम्ही. यापेक्षा अशक्त काय असतं?

त्याच अध्यायात पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. म्हणून ते फुलाचं वाक्य मला कधीच सहन होत नाही. आंटी वाईट नसतील, त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि त्यांच्या आईने त्यांना कधीतरी हेच सांगितलं असेल. पण शास्त्रात असं कुठेही नाही की देवाला बागेसाठी बाळं हवी असतात. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. दहा मिनिटांत आपण याला उठवणार हे माहीत असलेला माणूस रडला. मार्था आणि मरीया दोघीही त्याला वेगवेगळ्या येऊन एकच बोलल्या, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि हे त्याने ऐकून घेतलं, त्यांना गप्प केलं नाही. तूही म्हण. तू कुठे होतास असं म्हणणं ही प्रार्थनाच आहे. स्तोत्र 88 वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही, आणि तरी ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय.

आणि हे शिक्षा आहे का असं तू विचारलं नाहीस पण बहुतेकजणींच्या मनात असतं, म्हणून सांगते. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं होतं पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. येशू म्हणाला ना याचं ना त्यांचं. योहान नववा अध्याय. गरोदर असताना तू स्कूटरवर बसलीस, नवऱ्याशी भांडलीस, एका रविवारी चर्चला गेली नाहीस, ही जी यादी रात्री डोक्यात फिरते ती बंद करून टाक. वैद्यकीय कारण काय होतं ते मात्र डॉक्टरांना नीट विचार, रिपोर्ट मागून घे, पुढच्या वेळेसाठी लागतो तो.

बाप्तिस्म्याचं. इथे तू कुठल्या मंडळीची आहेस त्यावर उत्तराची भाषा बदलेल. कॅथलिक असशील तर तुमच्या चर्चची शिकवण आहे की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेच्या हाती सोपवते, आणि 2007 मध्ये त्यांच्याच ईश्वरशास्त्रज्ञांच्या आयोगाने सविस्तर लिहिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. लिंबो, म्हणजे अशी बाळं स्वर्गात न जाता अधल्यामधल्या जागी राहतात, वगैरे जे आजीकडून ऐकलं असेल ते चर्चचं पक्कं मत कधीच नव्हतं. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत लहान बाळांच्या बाप्तिस्म्याबद्दल दोन मतं आहेत, पण अशा बाळाला देव टाकून देतो असं शिकवणारा पाळक मला तरी भेटलेला नाही. मी स्वतः दावीद राजाकडे बघते. त्याचं बाळ सातव्या दिवशी गेलं तेव्हा तो म्हणाला, ते माझ्याकडे परत येणार नाही पण मी त्याच्याकडे जाईन. ती गोष्ट दावीदाच्या पापाची पण आहे, तो भाग तुझ्या अंगाला लावून घेऊ नकोस, पण मी त्याच्याकडे जाईन हे बापाचं वाक्य आहे आणि ते त्याने पूर्ण खात्रीने म्हटलंय. जी लेकरं लोक बाजूला सारत होते त्यांना जवळ घेणारा येशू तुझ्या मुलीकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागेल असं मला वाटत नाही.

मग या जगात काहीच नवीन येत नाही का, सगळं मेल्यावरच? येतं. पण सांभाळून सांगावं लागतं. आपल्या पंडिता रमाबाईंचं बघ. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, पदरात लहान मनोरमा. पुढे 1896-97 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्या आसऱ्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. स्वतः उपाशी फिरलेली बाई होती म्हणून त्या मुलींचे डोळे तिला वाचता आले असतील, हे मला खरं वाटतं. पण त्या मुली आल्या म्हणून रमाबाईंचे आईवडील भरून आले असं कुणी म्हणू नये. आणि 1921 मध्ये तीच मनोरमा गेली, जिच्या हाती पुढचं काम सोपवायचं होतं, आणि रमाबाई बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या, एप्रिल 1922 मध्ये गेल्या. दुःखातून फळ येतं कधीकधी, ते देवाचं देणं असतं, दुःखाची किंमत म्हणून वसूल होत नाही. तुला पुढे असंच काही करावंसं वाटलं तर कर. नाही वाटलं तर तुझ्या मुलीचं जाणं वाया गेलं असं होत नाही.

आता ईस्टरच्या पहाटेचं. पहिल्या ईस्टरच्या सकाळी कुणीही गायलं नव्हतं. मार्कात बाया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. योहानात मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे, समोर येशू उभा आणि तिला ओळखू येत नाही, डोळे एवढे भरलेले. तो तिला रडू नको असं दरडावत नाही. का रडतेस विचारतो आणि मग नावाने हाक मारतो. हाक ऐकल्यावर तिला कळतं. म्हणजे पुनरुत्थानाची सगळ्यात पहिली साक्षीदार ही रडणारी बाई आहे, आणि तू त्या उपासनेत मागच्या बाकावर बसून रडलीस तर तू मूळ ईस्टरच्या जास्त जवळ आहेस, पुढे गाणाऱ्यांपेक्षा कमी नाहीस. गायचं नसेल तर पाळकांना आत्ताच सांग यंदा मी गाणार नाही, कारण द्यायची गरज नाही. जायचंच नसेल तरी चालेल, घरी योहान विसावा अध्याय वाच. ज्या ओळी तुझ्या तोंडून निघत नाहीत त्या शेजारचे गातायत ना, मंडळी त्यासाठीच असते, पुढच्या कुणाच्या वेळी तू गाशील.

मी आयांना जे करायला सांगते ते सांगते, जे जमेल ते कर.

तिला नाव दे. बारसं राहिलं म्हणून नाव राहायला नको. मनात ठरवलेलं असेलच एखादं, नवऱ्याला न सांगितलेलं. ते बायबलच्या पहिल्या पानावर जिथे घरातले जन्म-मृत्यू लिहितात तिथे लिही, तारखेसकट. टोपडं, दुपटं जे काही आणून ठेवलं होतं ते कुणी वाटून टाकायच्या आत एक तरी ठेवून घे.

कब्रस्तानात जा. कुठे पुरलंय ते नवऱ्याला विचार. आणि इथे मला त्याच्याबद्दल एक बोलायचंय. तू लिहिलंयस तो दगडासारखा झालाय. पण तुमच्या घरात तिला ज्यांनी पाहिलं त्यांत तो असणार. मी एका बापाला बघितलंय, हॉस्पिटलच्या पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ घेऊन तो रिक्षात बसला तेव्हा ऊन तोंडावर येऊ नये म्हणून त्याने टॉवेलचं टोक वर ओढून धरलं होतं. बाळ गेलेलं होतं आणि तरी तो ऊन अडवत होता. घरी जाऊन त्याने बायकोला काही सांगितलं नाही, तिला त्रास होईल म्हणून. तिला वाटलं याला काही वाटतच नाही. तुझ्याकडेही असंच काही असेल असं मी छातीठोक सांगत नाही, पण तू बोलतच नाहीस असं म्हणण्याऐवजी एकदा विचारून बघ, ती कशी दिसत होती? केस होते का? नाक कुणासारखं? एका वेळी नाही सांगणार कदाचित. पण तोही याच प्रश्नाची वाट बघत असू शकतो.

पाळकांना सांग की तिच्यासाठी छोटी प्रार्थना ठेवा, घरी किंवा कबरेपाशी, चारपाच माणसं असली तरी पुरे. उशीर झाला असं काही नसतं. मी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाळांसाठीही प्रार्थना केलीय, आया आजी झाल्यावर येऊन सांगतात की मला अजून एक होता.

नोकरी करत असशील आणि तुला मिसकॅरेजची सहा आठवड्यांची रजा देऊन परत बोलावलं असेल तर एचआरला मातृत्व लाभाचा कायदा उघडायला सांग (आधी 1961 चा मॅटर्निटी बेनिफिट कायदा होता, 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे). त्यात मूल या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे, म्हणजे तुझं हे मिसकॅरेज नाही, बाळंतपण आहे. कायदाही तिला मोजतो.

आणि तुला मुलं किती असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे तू शेवटी लिहिलंयस. माणूस बघून ठरव. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला सगळं सांगायची गरज नाही, नाही अजून म्हटलंस तर तू तुझ्या मुलीला नाकारलं असं होत नाही, येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्रासारखं काही मनाला लावून घेऊ नकोस. पण जवळच्या माणसाला, आणि पुढे कधी डॉक्टरने पहिलंच का विचारलं तर, एक मुलगी होती, जानेवारीत गेली, असं सरळ सांग. आवाज फुटेल पहिल्या काही वेळी. सासूबाईंनाही एकदा हे वाक्य ऐकू दे, त्यांची पहिली नात होती ती, त्यांनाही कुणी रडू दिलं नसेल.

तू कुठल्या गावची ते लिहिलं नाहीस. पाळकांशी कसं बोलायचं हे जमत नसेल तर मेसेज कर, मी त्यांच्याशी बोलेन. नाव ठरलं की तेही कळव, मला तिच्यासाठी नावाने प्रार्थना करायचीय.